निळ्या अक्षरांचा पत्रा

हे लिहिणारच नव्हतो. तीन वेळा मोबाईलवर टाईप केलं, तीन वेळा पुसलं. 'मी' म्हणून लिहायला बसलं की बोट आपलीच बाजू घ्यायला लागतं. म्हणून स्वतःला सोमेश म्हणतो. सोमेशनं जे केलं ते सोमेशच्या माथी, आपण नुसतं सांगायचं.

तर सोमेश. सास्तूरच्या पुढं, भूकंपानंतर नव्यानं बसलेलं गाव, फुटपट्टी लावून आखल्यागत सरळ गल्ल्या, त्यातल्या तिसऱ्या गल्लीत ह्याचं घर. लोहाऱ्याला ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान. दिवसभर लोकांचे अंगठे घ्यायचे आणि सर्व्हर चालू व्हायची वाट बघायची. घरी वडील सोमलिंग, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतंय. आई शांतम्मा, तिला हा अव्वा म्हणायचा. आणि धाकटी बहीण शिवलीला, उमरग्याला दिलेली. ती पहिलटकरीण, मार्चात माहेरी यायची होती.

घराच्या पुढच्या दोन खोल्या भूकंपानंतर सरकारनं दिलेल्या. मागच्या दोन आप्पांनी स्वतः काढल्या, शहाण्णव साली, आणि त्यांच्यावर चौदा पत्रे घातले. सिमेंटचे. करड्या रंगाचे, नागमोडी, हातानं ठोकलं तर मडक्यागत वाजणारे.

त्या पत्र्यांवर आप्पांचा लई जीव. जुन्या गावात त्यांचं माळवदाचं घर होतं, दीड हात मातीचं छत आणि खाली दगडाच्या भिंती. त्र्याण्णवच्या त्या पहाटे सगळं खाली बसलं. आप्पांची आई गेली. थोरली लेक गेली, दोन वर्षांची. सोमेश तेव्हा जन्मलाबी नव्हता. आप्पांनी नखं जाईस्तोवर माती उकरली असं लोक सांगतात. आप्पा स्वतः त्यावर बोलत न्हाईत. एवढंच म्हणतात, "डोक्यावर वजन नको."

तो घराचा कायदा. स्लॅब नको. आढ्याला झोका नको. फॅनसुद्धा भिंतीवरचा.

दर दिवाळीला आप्पा पत्र्यावर चढायचे, तारेच्या ब्रशनं शेवाळ खरडायचे, मग आतल्या बाजूनं खराट्यानं झाडायचे. सगळ्या घरात पांढरी पिठी पडायची, विभूती सांडल्यागत. अव्वा ती पदरानं पुसायची आणि त्याच पदरानं लेकरांची तोंडं पुसायची. कुणाला काय वाटायचं न्हाई. पत्रा सिमेंटचा, सिमेंट म्हंजी माती. मातीनं काय होतंय?

मागच्या खोलीत फळ्यांचा माळा होता. दहावीला सोमेश आणि त्याचा दोस्त अमरदीप तिथं अभ्यासाला बसायचे. अमरदीप म्हंजी बुद्धनगरातल्या श्रीपतीकाकाचा पोरगा. ह्या घरात तो माळ्यापर्यंत येत होता आणि चुलीपर्यंत येत नव्हता. हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी दोघांना ठाऊक होतं. त्या साली पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून निळा रंग उरला, तर दोघांनी तो माळ्यावर नेला आणि डोक्यावरच्या पत्र्याला आतून लिहिलं: सोमेश अमर १० वी अ. आप्पांनी दोघांना बी एक एक ठेवून दिली. पण रंग निघाला न्हाई.

आता ह्या जानेवारीची गोष्ट.

शिवलीला उन्हाळ्यात घरी असणार म्हणून सोमेशनं मागच्या खोलीत कूलर लावायचं काढलं. वायर आत घ्यायला ड्रिल मशीननं पत्र्याला भोक पाडलं. धूळ सगळी तोंडावर, गादीवर. दुसऱ्या दिवशी दुकानात सर्व्हर बंद होता, घसा खवखवत होता, म्हणून सहज मोबाईलवर शोधलं की सिमेंटच्या पत्र्याची धूळ गेली तर काय होतंय.

काय वाचलं ते सगळं सांगत न्हाई. त्यात असतंय ते ॲस्बेस्टॉस. केसाहून बारीक तंतू. पत्रा नुसता वर असला तर लई धोका न्हाई, पण कापला, खरडला, फुटला की ते उडतात आणि छातीत जाऊन बसतात ते निघत न्हाईत. त्याचा आजार वीस-तीस वर्षांनी वर येतोय. सोमेशनं बोटं मोजली. शहाण्णव ते आता. मग आप्पांचा खोकला आठवला. वीस वर्षांचा खोकला, बिडीचा म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेला.

त्यानं अमरदीपला फोन लावून भोकाचं सगळं सांगितलं. अमरदीप आणि त्याची बायको दोघंबी चाकणला कंपनीत. चार वर्षांची क्षमा इकडं गावात आजीपाशी.

"अमऱ्या, तुमच्या कंपनीत सेफ्टीवाला कोण असतोय ना, त्याला एक विचार."

"विचारतो. पण तू ते भोक बुजव आधी. आणि झाडू मारू नको कोरड्यात, ओल्या फडक्यानं पूस."

दोन दिवसांनी त्याचाच फोन. "सायेब म्हणले नखाएवढा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठव, तपासून आणतो. आणि काय वाट्टेल ते झालं तरी पत्रा कापायचा न्हाय, मोडायचा न्हाय. उतरवायचा झाला तर पाणी मारून, हुक ढिले करून, अख्खाच्या अख्खा उतरवायचा. प्लास्टिकमधी गुंडाळून खोल गाडायचा. समजलं का?"

"व्हय सायेब."

"हसू नको सोम्या. घरात बाळ यायलंय."

फेब्रुवारीत रिपोर्ट आला. अमरदीपनं फोटो पाठवला आणि खाली एकच शब्द टाईप केला: हाय. म्हंजी पत्र्यात ॲस्बेस्टॉस हाय.

मग घरात आठ दिवस भांडण.

"आप्पा, पत्रे काढावं लागतंय."

"का? गळायलेत का?"

"त्यात विष हाय."

आप्पा हसले. मग खोकले. "तीस वर्षं खाल्लं की मग म्या हे विष. मेलो का?"

"हे सावकाश मारतंय आप्पा."

"सावकाश मारणाऱ्याला मी भीत न्हाय. एका घटकेत मारणारं बघितलंय म्या." आणि पत्र्याकडं बोट करून म्हणले, "दगडानं मारलं. ह्यानं जगवलं. ह्याला नाव ठेवायचं न्हाय माझ्या घरात."

त्यावर बोलली ती अव्वा. ती ज्वारी पाखडत होती, सूप थांबवलं न्हाई, वर बघितलं न्हाई.

"एक लेक छताखाली गेली," ती म्हणली. "आता दुसरीचं लेकरू त्या छताखाली निजवू का नको, तेवढं सांगा. तुमी सांगाल तसं करते."

आप्पा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाना घेऊन स्वतः शिडीवर होते.

सोमेशनं अमरदीपचं सगळं पाळलं. पाईपनं पाणी मारलं. तोंडाला ओला पंचा. आप्पांनी एकेक हुक असा सोडवला जसा काही लेकीच्या कानातला दागिना काढतोय. चौदाच्या चौदा पत्रे अख्खे खाली आले. एकाचा कोपराबी उडाला न्हाई. आप्पांनी ते लिंबाच्या बुडाला उभे रचले, त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणले, "बघ. आजून तीस वर्षं जातील."

तिथंच घोटाळा झाला. फुटले असते तर कुणी बघितलंबी नसतं त्यांच्याकडं.

आमच्या भागात एक रीत हाय. कुणाचं घर उतरलं की त्याचं सामान वाया जात न्हाई. भूकंपानंतर तर जास्तच. जुन्या गावातली दारं, तुळया, दगड अजून कुठल्या कुठल्या भिंतीत सापडतात. कुणी घर काढलं की बाया येतात, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारतात, आणि न्हाई म्हणायचं नसतंय. न्हाई म्हणलं तर नव्या घराला दृष्ट लागते म्हणतात.

सोमेशनं गाडायचं बघितलं होतं. जेसीबीवाला म्हणला, पुढच्या आठवड्यात. एका हापिसात फोन केला, तिथला माणूस म्हणला, "पत्रे गाडायचे? कशाला? ओढ्यात टाका की." दुसऱ्या हापिसात कुणी फोनच उचलला न्हाई. आणि शिवलीला गुरुवारी येणार होती. वर नवे निळे कलर पत्रे बसले होते, सगळं घर चकाचक, आणि अंगणात लिंबाखाली ते चौदा करडे पत्रे उभे. सोमेशला ते रात्रंदिवस दिसायचे.

मंगळवारी सकाळी मालनबाई आली. अमरदीपची आई.

"आप्पा, कसं हाय? घर लई भारी दिसायलंय की."

"तवा झालाय तवा," आप्पा म्हणले. "दुपारी भाकरी भाजून निघंल आत. जुनंच बरं होतं."

"मग जुनं आमाला द्या की." ती हसली. "माझ्या चुलीवर नुसती ताडपत्री हाय. वाऱ्यानं उडतीया, ठिणगी पडली की भोक. नऊ मिळाले तरी बास होतंय बघा. तुमच्या घरचं म्हणून मागते, दुसऱ्या कुणाकडं गेले नसते."

आप्पा कधीचे अशा माणसाची वाट बघत होते. त्यांच्या पत्र्यांना कुणीतरी मागणी घातली होती.

"घिऊन जा. नऊ का, सगळे ने."

सोमेश दारात उभा होता. दात घासत होता. तोंडात ब्रश होता, हे खरं हाय, पण ब्रश काढता येत होता.

त्याच्या डोक्यात सगळं आलं. अमरदीपचा आवाज आला, तो रिपोर्ट आला. मावशी ह्या पत्र्यांखाली चूल पेटवणार, धूर, उष्णता, खराटा, सगळं दिसलं. आणि त्याच वेळी हेबी दिसलं की आता सांगितलं तर हे पत्रे इथंच राहतील, लिंबाखाली, गुरुवारी शिवलीला येईल, ती त्याच लिंबाखाली बाज टाकून बसेल. गावात बभ्रा झाला तर त्या पत्र्यांना कुणी हात लावणार न्हाई, उमरग्याला कळलं तर तिची सासू तिला पाठवणार न्हाई. दोन्ही एकाच वेळी दिसलं. आणि त्यानं एक निवडलं.

तोंड धुऊन तो पुढं झाला आणि म्हणला, "मावशी, कापू नका हं ते."

"कशाला कापतोय रे. अख्खे हायती."

"हां. तेवढंच. कापू नका."

एवढंच. तेवढ्यानं त्याला हलकं वाटलं, हे विशेष. मी सांगितलं की, असं वाटलं.

दुपारी श्रीपतीकाका बैलगाडी घेऊन आला, नऊ पत्रे नेले. उरलेले पाच आप्पांनी संध्याकाळपर्यंत कुणाकुणाला वाटून टाकले. अंगण मोकळं झालं. अव्वानं सडा टाकला. गुरुवारी शिवलीला आली.

शुक्रवारी अमरदीपचा फोन. "काय रे, बहीण पोचली का? पत्र्यांचं काय केलं?"

"गाडले," सोमेश म्हणला.

"खोल?"

"खोल."

"शाब्बास भावा. टेन्शन होतं मला."

त्यानंतर महिनाभर सोमेश बुद्धनगराच्या रस्त्यानं गेला न्हाई. दुकानाला जायला तोच रस्ता जवळचा. तो लांबून जायचा. अव्वानं एकदा विचारलं, "पेट्रोल जास्त झालंय का?"

आप्पा नव्या पत्र्याखाली घाम पुसत बसायचे आणि ऐकवायचे, "मालनबाईची चूल गार असणार बघ आता." एकदा तर तिकडं जाऊन बघूनबी आले. "श्रीपतीनं ब्येस बसवलेत. दोन लांब व्हत होते, तेवढे करवतीनं कापले."

सोमेशचा घास तोंडातच राहिला. मग गिळला. तेबी सांगायला पायजे. गिळला आणि दुसरी भाकर घेतली.

अमरदीप जयंतीला येणार हे त्याला ठाऊक होतं. दर वर्षी येतोय. चौदा एप्रिलच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आवाज साधाच.

"सोम्या, घरला ये. आई म्हणतीया चहाला ये."

सोमेश गेला. गल्लीत निळे झेंडे लागत होते, पोरं शिड्या घेऊन पळत होती. कुणीतरी ओरडलं, "ओ ऑनलाईन, सर्व्हर चालू हाय का?" तो हसला.

मालनबाईची चूल घराच्या मागं, तिन्ही बाजूनं भिंती आणि वर ते पत्रे. आत अमरदीप बाजेवर उताणा पडला होता. एक हात डोक्याखाली. त्यानं मान वळवली न्हाई.

"ये. इथं पड माझ्याशेजारी."

"काय रे?"

"पड म्हणतोय ना. पडून वर बघ."

सोमेश पडला. वर बघितलं. काजळी धरायला लागली होती, तरी अक्षरं दिसत होती. निळी. सोमेश अमर १० वी अ. शेवटच्या 'अ'चा अर्धा भाग कापून गेला होता.

"काल रात्री एसटीनं आलो," अमरदीप म्हणला. "सकाळी इथं पडलो तर आपलंच नाव. मला वाटलं झोपेत हाय."

चुलीपाशी मालनबाई चहा ठेवत होती. तिला काही ठाऊक नव्हतं, हे बघताच कळत होतं. "बस की बाबा नीट. आरं काय उपकार झाले तुमच्या घरचे! पहिल्यांदा ह्या चुलीवर छत आलं बघ. पोरगी तर दिसभर हितंच खेळती."

पोरगी हितंच होती. क्षमा. भिंतीच्या कडेला करवतीनं कापलेल्या दोन लांब पट्ट्या पडल्या होत्या, त्यांतल्या एकीच्या टोकाला ती दगडानं ठेचत होती. पांढरी पिठी निघत होती. ती पिठी नारळाच्या करवंटीत भरून तिनं बाहुलीपुढं ठेवली आणि फुंकर मारली.

"पीठ हाय," ती सोमेशला म्हणली. "भाकरी करायलेय."

अमरदीप उठला. बादलीतलं पाणी घेतलं, त्या पिठीवर, त्या पट्ट्यांवर ओतलं, पोरीचे हात धरून धुतले, कोपरापर्यंत. पोरगी रडायला लागली. मालनबाई ओरडली, "काय रे तुला, खेळतीया की ती!" त्यानं पोरीला उचललं, बाहेर नेलं, शेजारच्या बाईच्या कडेवर दिलं आणि परत आला. सोमेशला म्हणला, "चल, बाहेर बोलू."

दोघं भिंतीमागं उभे राहिले.

"आई म्हणली, सोमेश म्हणला होता कापू नका." अमरदीप हळू बोलत होता. "तू काहीच बोलला नसतास ना, तर मी म्हणलो असतो ह्याला भान राहिलं न्हाय. पण तू बोललास. म्हंजी तुला आठवत होतं. मी जे सांगितलं ते सगळं आठवत होतं, त्यातलं तुला पायजे तेवढं तू बोललास."

"अमर, शिवलीला येणार होती—"

"तिचं अजून यायचंय. माझी आलेली हाय."

शेजारणीच्या कडेवर क्षमा अजून रडत होती.

"आमाला तुमच्याकडचं उतरलेलंच येत आलंय," अमरदीप म्हणला. "तुझी शाई संपलेली पेनं, तुझे शर्ट. घातले मी, लाज न्हाय वाटली. दोस्ताचं होतं. ते फाटकं असायचं सोम्या. पण तुला ठाऊक असायचं आणि मला बी दिसायचं. हे पयल्यांदा असं दिलंस की मला दिसू नये."

"मी सांगणार होतो तुला."

"कधी? पोरगी तीस वर्षांची झाल्यावर?"

एवढ्यात त्याच्या डोळ्यात पाणी आलं, ते त्यानं रागानं पुसलं. लांब कुठंतरी स्पीकर तपासत होते, हॅलो हॅलो माईक टेस्टिंग.

"मला तुझी माफी नको," तो म्हणला. "माफीनं पत्रा खाली येत न्हाय. बापाला मी काय सांगू? त्यानं हौसेनं कापलेत. दोन दिस खोकला म्हणून आई सांगत होती. आईला सांगू का, तुझ्या उपकारवाल्यांनी तुला काय दिलंय? मी न्हाय सांगणार. तू सांग."

"मी?"

"तूच. तुझ्या तोंडानं. तिनं तुझ्या दारात येऊन मागितलं होतं."

आतून मालनबाईची हाक आली, "चहा गार व्हायलाय रं पोरांनो! सोमेश, तुला साखर जास्त घातलीया बघ."

सोमेशनं दाराकडं बघितलं. ह्या चुलीवरचा चहा तो आज पहिल्यांदा पिणार होता. अमरदीप सोमेशच्या माळ्यापर्यंत आला होता, पण सोमेश कधी इथवर आला नव्हता. इतक्या वर्षांत कधी सुचलंच न्हाई.

"आणि ते बाकीचे पाच?" अमरदीपनं विचारलं. "आप्पांनी कुणाकुणाला दिले?"

"विचारतो."

"विचारतो न्हाय. शब्द दे."

सोमेशनं हात पुढं केला. अमरदीपनं तो धरला न्हाई. हात तसाच मधी राहिला, म्हणून सोमेशनं तो खाली घेतला आणि नुसतं तोंडानं सांगितलं:

"उद्या न्हाय, तुमची जयंती हाय. परवा दिस उगवायला पाण्याचा पाईप आणि पाना घिऊन येतो, नऊच्या नऊ मीच उतरवतो, आमच्या नव्या पत्र्यातले काढून इथं बसवतो. ते पाच ज्यांच्याकडं गेलेत त्यांच्या उंबऱ्यावर मी जातो, आप्पांचं नाव न लपवता सांगतो. आणि मावशीला आत्ता सांगतो, अमर. चहाचा कप तोंडाला लावायच्या आधी."